दारासमोरचा स्पीडब्रेकर

प्रिय हरिश्चंद्र भावोजी,

अनेक आशीर्वाद. तुमचे ब्लडप्रेशर आणि नम्रताची कंबर रत्नागिरीत ताळ्यावर असतील, मुले मजेत असतील, अशी आशा करते. इकडे तुमचे दादा पाय बांधून पडवीत बसले आहेत. घाबरू नका, आधी सगळे वाचा. (फोन केला असता, पण तुम्ही गाडी चालवताना नुसते हो हो म्हणता, आणि इकडचे बोलणे पडवीत ऐकू जाते.)

पालीहून वर येणारा आपला रस्ता डांबरी झाला, तेव्हा नारळ फोडायला दादाच सर्वांत पुढे होते. आता म्हणतात, त्यापेक्षा चटणी केली असती. पूर्वी बाजार करून माणूस चढण चढून आमच्या दारात पोचायचा तो घामाने निथळत. ओझे पडवीत टेकवायचा, गुळपाणी घ्यायचा आणि कोणाची म्हैस व्याली, कोणाचे बिनसले, सगळे सांगून मगच उठायचा. मासळीवाली चिमा पाटी उतरवून बसली की बांगड्यांआधी सुनेची गाऱ्हाणी बाहेर यायची. घरबसल्या सगळा गाव आमच्याकडे होता, भावोजी. आता सगळे भुर्रकन जातात. चिमासुद्धा टेम्पोतून येते. भोंगा वाजतो, मी ताट शोधून बाहेर येते, तोवर टेम्पो वरच्या वाडीत. परवा ताट घेऊन मागे धावले, तर लोकांना वाटले कोणाला ओवाळायला निघाले. वरच्या वाडीतले लग्न तर आम्हाला मांडव घातल्यावर कळले. दादांना त्या रात्री जेवण गेले नाही.

मग एका पहाटे त्यांनी जांभ्या दगडाचे तुकडे आणि माती टाकून दारासमोर स्पीडब्रेकर घातला. गाडी हळू झाली की माणूस निदान हाक तरी मारील, हा विचार. मी नको म्हटले. (माझे ऐकले असते तर ते तुमचे दादा कसले!) दुपारी स्वतःच गुणाजीच्या स्कूटरवर मागे बसून पालीहून आले आणि गप्पांच्या नादात आपली कारागिरी विसरले. स्कूटर उडाली, दादा खाली. गुणाजी मात्र बोलत बोलत थेट देवळापर्यंत गेला. मागून हुंकार येईना, तेव्हा परत येऊन मलाच विचारतो, "वयनी, दादा माज्या मागं व्हते ना वो?"

पाय मुरगळला. पण त्या दिवशी येणारी प्रत्येक गाडी थांबली. पडवी भरली, चहाला दूध पुरेना. चिमाने सुनेची तुंबलेली सगळी गाऱ्हाणी एका बैठकीत सांगितली, आणि दादा विव्हळायचे सोडून पुढे काय झाले ते विचारत होते. फार दिवसांनी घर भरलेले पाहून मला रडूच आले. पंचायतीने दुसऱ्याच दिवशी तो उंचवटा काढला, तरी पाय बघायला लोक अजून येतात. तुम्हीच तेवढे यायचे राहिलात.

तुमची,
आवडावहिनी

ता. क. पाय केव्हाच बरा झाला आहे. पट्टी रोज सकाळी मीच बांधते. नम्रताला सांगू नका, तिच्या पोटात काही राहत नाही.

आणखी ता. क. पूर्वी शेवटची एसटी चुकली की तुम्ही मुक्कामाला राहायचात, आणि दोघे भाऊ अंथरुणात पडून बोलत राहायचात. आता तुम्ही चहासुद्धा गाडीची किल्ली हातात धरून पिता. दादा तोंडाने म्हणतात, "जाऊ दे त्याला, रस्ता चांगला आहे," आणि तुमची गाडी वळणाआड जाईपर्यंत दारापुढच्या खळ्यात उभे राहतात. या शनिवारी या आणि राहा. रस्ता रविवारीही तेवढाच चांगला असेल.