आधी चंपाला

१ मार्च २०२१, सोमवार

आजपासून साठीच्या पुढच्यांना लस. सकाळीच आंघोळ उरकून दोघांची आधार कार्डं पिशवीत घातली, ह्यांचा इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. हे पेपर वाचत बसलेले. वर न बघता म्हणाले, "मी येत नाही."

का? तर सरकारने रांगच चुकीची लावली आहे! आपण निवृत्त, दिवसभर घरात. चंपा हडपसरहून दोन बस बदलून येते, चार घरची धुणीभांडी करते, दुपारी आणखी कुठेतरी कामाला जाते. ती तरुण म्हणून तिला लस नाही, आणि खुर्चीत बसून चहा ढोसणाऱ्या मला आहे! "आधी चंपाला. ती घेईल त्या दिवशी मी घेईन."

म्हटलं, मग हे तिला तरी सांगा. "अजिबात नाही. उपकार केल्यासारखं होईल. तूही बोलायचं नाहीस. माझी शपथ आहे."

पिशवी परत खुंटीला.

४ मार्च

टेलिफोन खात्यात ह्यांनी जन्म काढला, आणि अख्ख्या शनिवार पेठेत सगळ्यात शेवटी फोन आला तो आमच्याकडे! साहेब म्हणत होते, माधवराव, एक सही करतो, नंबर वर घेऊ. ह्यांनी करू दिली नाही. अभिनव पोटात होता तेव्हा अर्ज केला, फोन आला तेव्हा तो शाळेत जायला लागला होता. सरकार बदललं, धोरणं बदलली, गल्लीगल्लीत पिवळे पीसीओ उघडले, तरी आमचे हे रांगेत.

तेव्हा मी हसायचे. आता ह्यांना साखर आहे. हसू येत नाही.

११ मार्च

वाकडहून अभिनवचा फोन. हिंजवडीचं ऑफिस वर्षभर त्याच्या बेडरूममध्येच आहे. स्पीकर लावून बापलेकांची जुंपली.

"बाबा, तुम्ही नाही घेतलीत म्हणून तुमचा डोस चंपाला मिळत नाही. सिस्टिम तशी वर्क करत नाही."

"म्हणूनच सिस्टिमला कुणीतरी नाही म्हणायला हवं."

"अहो, पण सिस्टिमला कळतसुद्धा नाहीये तुम्ही नाही म्हणालात ते!"

मग रात्रभर टीव्ही. चार चौकटींत चार जण ओरडतायत – केंद्राने लस दिली नाही, राज्याने वाया घालवली. पाचवे हे, आमच्या सोफ्यावरून. मी भाजी निवडत बसले. मला फक्त ह्यांच्या दंडात सुई गेलेली हवी आहे. बाकी देश कसाही चालो.

२० मार्च

ह्यांचं पत्र छापून आलं! 'वय नव्हे, धोका पाहा.' निम्मं कापलंय, तरी स्वारी दिवसभर खूश. खालच्या मजल्यावरच्या मथुराबाई जिन्यात भेटल्या. "छान लिहिलंय हो माधवरावांनी. टोचून घेतली का पण?"

२७ मार्च

सोसायटीची सभा, मोबाईलवर. रुग्ण वाढतायत, कामाच्या बायकांना पुन्हा बंद करा – इति मथुराबाई. हे चिटणीस. शेवटी ठरलं, बायका येऊ देत, पण गेल्या वर्षीचा नियम कायम.

तो नियम जिन्याखाली फळ्यावर आहेच. 'हॉस्पिटलात काम करणाऱ्या व्यक्तींना इमारतीत प्रवेश नाही. – चिटणीस.' गेल्या वर्षी ह्यांच्याइतका विरोध कुणी केला नव्हता! जे आपल्याला वाचवतात त्यांनाच दारातून हाकलता, म्हणून तावातावाने भांडले. मतदान झालं, हरले. मग बहुमत ते बहुमत म्हणून स्वतः ऑइलपेंट आणला आणि स्वतःच लिहिलं. "लिहायचं तर नीट लिहायचं." काय ते सुरेख अक्षर!

१ एप्रिल

मी घेतली. मथुराबाईंबरोबर गेले. "तू घे, तुझं काही तत्त्व नाही," हे म्हणाले. हा टोमणा की परवानगी, चाळीस वर्षांत मला ओळखता आलेलं नाही. घरी आले ती चोरासारखी.

चंपा भांडी घासता घासता म्हणाली, "काका का न्हाई गेले? काय होत न्हाई ओ. नुसता हात दुखतो. दोन दिस त्या कुशीवर झोपायचं न्हाई, बस." ऐकीव माहिती, पण ठसका बघा! माझ्या अगदी जिभेवर आलं होतं – बाई गं, ते तुझ्यासाठी अडून बसलेत. हे आतून खाकरले. गिळलं.

६ एप्रिल

बस बंद. फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी चालू आहेत म्हणे. चंपा तरी वेळेवर हजर! कशी आलीस गं? "मिळाली की." असेल एखादा कंडक्टर ओळखीचा.

हे मला म्हणाले, "बघ. ही जीव धोक्यात घालून येते आणि हिला लस नाही." बोलताना खोकले. कणकण आहे थोडी.

८ एप्रिल

ताप. चंपाला येऊ नको म्हणून कळवलं.

११ एप्रिल

बेड नाही. अभिनव सकाळपासून फोनवर आहे. कंपनीच्या ग्रुपवर टाकलं, कुणाच्या तरी मेव्हण्याची कुठल्याशा पुढाऱ्याकडे ओळख निघाली. लोणी काळभोरच्या पुढे एका हॉस्पिटलात एक बेड मिळाला.

हे धापा टाकत विचारतात, "कुणाचा नंबर मागे सारलास?"

"कुणाचाच नाही, बाबा." आणि पोरगं माझ्याकडे पाठ करून रडलं.

ह्यांना कळलं असणार. पण मुकाट्याने गाडीत बसले, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

१३ एप्रिल

व्हिडिओवर दिसले. हात हलवला. दाढी वाढली आहे.

१८ एप्रिल

नर्सचा फोन. "आजी, चंपा कोण? आजोबा सारखं विचारतायत, चंपाला मिळाली का." मग तिने फोन ह्यांच्या कानाशी धरला. मास्कचा नुसता घरघर आवाज.

मनात आलं, मिळाली म्हणून सांगावं. तेवढंच बरं वाटेल. पण ह्यांच्याशी कधी खोटं बोलले नाही, आणि आत्ता बोलले तर ते अशुभच, असं काहीतरी डोक्यात बसलं.

"नाही अजून," म्हणाले. "मिळेल. तुम्ही आधी बरे व्हा."

२३ एप्रिल

हे गेले.

२६ एप्रिल

मला नेलं नाही. अभिनवने लांबून पाहिलं. स्मशानातही नंबर लावावा लागला, अर्धा दिवस थांबला होता. म्हणाला, "आई, तिथे कुणीतरी म्हणालं, पैसे दिलेत तर लवकर होईल. मी नाही दिले." पहिल्यांदाच बापासारखा दिसला मला.

ह्यांचा चष्मा पेपरवरच आहे. उचलत नाही. टीव्हीवर अजून तेच चार जण भांडतायत. पाचवा नाही, म्हणून बंद केला.

९ मे

अठराच्या पुढच्यांनाही सुरू झाली. म्हणजे चंपालाही! पण मोबाईलवर नंबर लावायचा, आणि तो डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो. अभिनव रोज कॉम्प्युटर उघडून टपून बसायचा. आज मिळाला – नेमका लोणी काळभोरला. त्याच रस्त्याने जायचं.

तिथले लोक चिडले आहेत म्हणे. पुण्याच्या गाड्या येतात आणि आमच्या गावची लस टोचून जातात. खरंच आहे त्यांचं. हे असते तर नंबर परत करायला लावला असता. पण मी नाही करणार. काय पाप लागायचं ते मला लागू दे. ह्यांचं एवढं एकच काम राहिलंय.

चंपाला फोन केला. आता कसली शपथ! सगळं सांगितलं – हे तिच्यासाठी थांबले होते, शेवटपर्यंत तिचंच विचारत होते. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उद्या येते, काकू."

१० मे

चंपा आली. आत येईना, उंबऱ्याशीच बसली.

"काकू, मी कवाच घेतली ओ. एक जानेवारीत, एक फेब्रुवारीत."

दुपारी ती हॉस्पिटलात फरशी पुसते, कंत्राटावर. त्यांना सगळ्यांच्या आधी दिली.

"मग बोलली का नाहीस गं?"

"कसं बोलू? समद्या बिल्डिंगीचं काम गेलं असतं. खाली काकांनीच लिवलंय की."

ती गेल्यावर खाली गेले. ओल्या फडक्याने घासलं, मग रॉकेलने. ऑइलपेंट आहे. जात नाही.