जर्मन घड्याळाचा टवका

३ फेब्रु., सोम.
शेखच्या कलेक्शनमधलं जर्मन घड्याळ आज वर्कशॉपला आलं. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं. एकच काटा, तासाचा. सोन्याच्या डबीवर काचेची पूड भाजून केलेलं मिनाकाम, पांढऱ्यावर लाल फुलं. वर्कशॉप चालवणाऱ्या मॅडमनी सरळ सावंतकाकांच्या टेबलावर ठेवलं. मी अकरा वर्षं इथे आखातात, मुशैरिबात त्यांच्या शेजारी बसून बॅटऱ्या बदलतोय. काका म्हणाले, "विलास, लांबून बघ हं." चिपळूणला यांनीच मला चिमटा धरायला शिकवलं. आता लांबून बघ.

५ फेब्रु., बुध.
काकांनी झाकण उघडून ब्रशनं धूळ काढली, बस्स. उजवा हात थरथरतो, डाव्यानं मनगट धरून काम करतात. फक्त मला माहीत आहे.

६ फेब्रु., गुरु.
काका जेवायला गेले. घड्याळ उचललं. बघायचंच होतं फक्त. झाकणाच्या बिजागरीची पिन निघते का... दाबली. खडीसाखर दाताखाली फुटावी तसा आवाज. टवका उडाला, तांदळाच्या कणीएवढा.
जागेवर ठेवलं. हात धुतले. डबा खाल्ला, सगळा.
तीनला काकांना दिसलं. "सकाळी नव्हतं रे हे."
"तुमचा हात लागला असेल, काका."
उजव्या हाताकडे बघत राहिले. त्यांना पटलं.

९ फेब्रु., रवि.
मॅडमनी दोघांना बोलावलं. काका म्हणाले, मेरे टेबल पे था, जिम्मेदारी मेरी. तेवढ्यावर भागलं असतं. तरी मी म्हटलं, "मॅडम, इनका हाथ काँपता है. दो साल से."
काकांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. त्यांचीच चोरी पकडल्यासारखं.
मॅडमनी हात पुढे करायला लावला. सगळ्या स्टाफसमोर. तो थांबेचना. कुणीतरी हसलं.
खलास.

१६ फेब्रु., रवि.
काकांना एअरपोर्टला मीच सोडलं. बॅग उचलू दिली नाही त्यांनी. "एवढं जमतं मला." आत जाताना बोर्डिंग पास दोनदा पडला. मी गाडीतूनच बघितलं.
घरी सुनीता म्हणाली, एकदा जेवायला तरी बोलवायचं होतं. म्हटलं, त्यांना वेळ नव्हता.

१४ मार्च, शुक्र.
गेल्या आठवड्यापासून काकांच्या टेबलावर मी. उजेड चांगला आहे तिथे.
आज चिपळूणहून त्यांचा फोन. गोळ्या सुरू केल्यात. फरक नाही. मग म्हणाले, "विलास, टवका पिनेजवळचा होता. मी पिनेला हात लावला नव्हता रे. महिनाभर आठवून बघतोय. त्या दुपारी तू तिथेच होतास ना?"
मी हॅलो, हॅलो करत राहिलो, रेंज गेल्यासारखं.
"ऐकू येतंय तुला," काका म्हणाले.
कट केला. सुनीता विचारतेय कोण होतं.
परत वाजतोय.