सी ड्राइव्हमधलं आजोळ

नाशिक, डिसेंबर २००४

...तेवढ्यात वत्सलाबाईंनी प्रिंटरची वायर ओढली, म्हणून छापणं थांबलं. नाहीतर आणखी बरेच कागद निघाले असते आणि त्यांतल्या बहुतेकांवर 'विवाह वर्ज्य' असंच आलं असतं.

पत्र असं मधूनच सुरू झालं, दाजी, कारण फोनवर मी इथपर्यंत आलो होतो आणि तुम्ही फोन ठेवलात. त्यानंतर तुम्ही तो उचलत नाही. तेव्हा राहून गेलेला नमस्कार आता करतो. तुमचा गुडघा कसा आहे? (अक्का म्हणते, बरा आहे. पण तुमच्या तब्येतीबद्दल अक्काचं मत तुमच्या मतापेक्षा नेहमीच बरं असतं.) उन्हाळ कांद्याची लागवड सुरू झाली असेल. देवळ्याला थंडी इथल्यापेक्षा जास्त असणार. आम्ही सगळे ठीक आहोत. तुमची वैष्णवीही माझ्याकडे ठीक आहे, असं ती म्हणते.

आपल्या समाजाचं वधूवर मंडळ पंचवटीत आहे आणि वत्सलाबाई त्याच्या चिटणीस आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. मंडळाचा प्रोग्राम मी लिहिला, हे माहीत नसावं. तो मुलामुलींची माहिती वाचतो, देवक, कूळ, नातं ताडून पाहतो आणि कुठलं लग्न चालतं, कुठलं चालत नाही, ते छापतो. पूर्वी हे काम बाई तोंडी करत. चूक होत नसे, पण वेळ लागे, कारण मधे चहा असे.

ही माहिती एक्सएमएल नावाच्या पद्धतीने लिहिलेली असते. अवघड काही नाही. प्रत्येक गोष्टीच्या आधी एक पाटी आणि नंतर एक पाटी: इथे देवक सुरू, इथे देवक संपलं. पहिल्या ओळीत, पुढची अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवली आहेत, ते सांगायचं. कॉम्प्युटर अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, हे ठरवण्याच्या पद्धती बऱ्याच आहेत आणि त्यांतल्या काहींमध्ये मराठी नाहीच. त्या दुपारी मी मंडळाच्या फाइलींमधले पत्ते दुरुस्त केले आणि सगळ्या फाइली नेमक्या तसल्या पद्धतीत साठवल्या. कॉम्प्युटरने विचारलं होतं: काही अक्षरं नाहीशी होतील, चालेल का? मी 'ओके' दाबलं. (तो दिवसभर काही ना काही विचारतच असतो.)

मराठीच्या प्रत्येक खुणेच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह आलं. वाचणाऱ्या प्रोग्रामने तक्रार केली नाही, कारण प्रश्नचिन्ह सगळ्याच पद्धतींत असतं. त्याने शांतपणे देवकं ताडून पाहिली. कमळाला तीन प्रश्नचिन्हं, हळदीला तीन, मोरालाही तीनच (काना-मात्रा तिथे वेगळी मोजतात). तिन्ही देवकं एक झाली. एक देवक म्हणजे भाऊबंद, आणि भाऊबंदांत सोयरीक होत नाही. बाकावर पिंपळगावचे एक द्राक्षवाले मुलीचा कागद हातात घेऊन बसले होते. ते म्हणाले, "बाई, हे समदे आमचे भाऊ निघाले, मंग आजवर एकानंबी जेवायला कसं नाय बोलावलं?" बाई माझ्याकडे वळल्या. "संतोषराव, मी जन्मभर लग्नं जुळवली. तुम्ही एका दुपारीत सगळ्यांना राख्या बांधल्यात." मग त्यांनी वायर ओढली.

जुन्या प्रती माझ्याकडे होत्या. त्या परत घातल्या, नीट पद्धतीत साठवल्या. कमळ पुन्हा कमळ झालं. मी बाईंना सांगितलं, आता चूक शक्य नाही, आणि घरी गेलो. त्यानंतर जो पहिला कागद छापला गेला तो वैष्णवीचा होता.

तिच्यासमोर ओमचं नाव होतं. घोटीच्या तांदळाच्या गिरणीवाल्यांचा ओम, ज्याला तुम्ही पाहिलंत आणि मुलगा कमी बोलतो म्हणून पसंत केलंत. खाली लिहिलं होतं: विवाह वर्ज्य, परतवेल. घरातून दिलेल्या लेकीची मुलगी पुन्हा त्याच घरात सून म्हणून आणत नाहीत, वेल मागे फिरतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. कागदावर वैष्णवीचं आजोळ घोटी होतं, आणि घर ओमचंच. म्हणजे अक्का त्या घरची लेक. बाईंना शंका आली होती, असं त्या आता म्हणतात. पण अक्का माझी मानलेली बहीण असेल असं त्यांना वाटलं, आणि मी तर चूक शक्य नाही असं सांगून गेलेलो. त्यांनी घोटीला फोन केला.

घोटीच्या लोकांनी हसून सोडून द्यायला हवं होतं. पण ओमची आजी, गोजराबाई, यांना आठवलं. त्यांचा धाकटा दीर फार पूर्वी भांडून घर सोडून मालेगावकडे गेला होता. बरोबर बायको होती आणि लहान मुलगी. पुन्हा काही कळलं नाही. ती मुलगी म्हणजे अक्का, असं गोजराबाईंनी फोन ठेवायच्या आत ठरवलं. "गाडीत बसताना लय रडत व्हती वो. माझा पदर सोडीना. केस असेच कुरळे." वैष्णवीचा फोटो त्यांच्याकडे होता. (कुरळे केस तुमच्याकडून आले आहेत, हे मी नंतर सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या की तुम्हाला त्यांनी टोपीतच पाहिलं आहे.) घरातल्या बाकीच्यांनाही मग थोडं थोडं आठवू लागलं. ओमच्या वडिलांना ती बैलगाडी आठवली, जरी त्यांचा तेव्हा जन्म झाला नव्हता.

चूक वैष्णवीने शोधली. ती शिकवते त्या शाळेतून परस्पर मंडळात गेली, कागद वाचला, घरी आली आणि मला म्हणाली, "मामा, मी तुमच्याकडे राहते ती भाची म्हणून की भाडेकरू म्हणून?"

झालं ते असं. आपल्या घरची पाच मुलं मंडळात आहेत आणि त्या पाचही जणांचं आजोळ एकच, आपलं पिंपळगावचं. तेच ते पाच वेळा लिहायचा मला कंटाळा. एक्सएमएलमध्ये सोय असते: मजकूर एका वेगळ्या फाइलीत ठेवायचा आणि वर फक्त सांगायचं की जिथे 'आजोळ' दिसेल तिथे सी ड्राइव्हमधली अमुक फाइल उघड आणि आतलं इथे आणून घाल. वाचणारा प्रोग्राम मुकाट्याने जातो आणि आणतो. माझ्या कॉम्प्युटरवर तो पिंपळगाव आणत होता. मंडळाच्या कॉम्प्युटरवर त्याच जागी, त्याच नावाची फाइल आधीच होती. बाईंना ही सोय शिकवताना मीच ती केली होती, आणि नमुन्याला घोटीच्या त्याच गिरणीवाल्यांच्या एका लेकीच्या मुलीची माहिती घेतली होती. प्रोग्राम कुणाची फाइल ते बघत नाही. सांगितलेल्या जागी जे सापडतं ते आणतो. त्याने पाचही जणांना घोटीला नेलं. वैष्णवीचं स्थळ घोटीचं होतं, म्हणून तिचंच दिसून आलं. बाकीचे चौघे आठवडाभर गिरणीवाल्यांचे नातू होते आणि त्यांना काही फरक पडला नाही.

आता मी प्रोग्रामला बाहेरून काहीही आणायची मनाई केली आहे. त्यामुळे सध्या मंडळात त्या पाचांपैकी कोणालाच आजोळ नाही. वत्सलाबाई म्हणतात, हे जास्त सुरक्षित आहे.

मी घोटीला जाऊन गोजराबाईंना हे सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुजं यंत्र चुकलं आसंल. मी नाय चुकले." ओम कोपऱ्यात उभा होता. (मुलगा खरंच कमी बोलतो. या वेळी थोडं जास्त बोलला असता तर चाललं असतं.) मला निरोप द्यायला फाटकापर्यंत आला आणि म्हणाला, "मामा, आजीचं काहीतरी करा." मला मामा म्हणणारा तो घोटीतला एकटाच.

वैष्णवी या विषयावर बोलत नाही. पण काल तिने वाण्याला घोटीचाच तांदूळ आहे का असं विचारलं, आणि नव्हता तेव्हा तांदूळ न घेता घरी आली. आम्ही भाकरी खाल्ली.

म्हणून तुम्हाला विनंती अशी, की तुम्ही स्वतः घोटीला जावं आणि तुमची बायको कुणाची मुलगी आहे ते सांगावं. मी तिचा सख्खा भाऊ असूनही माझं कोणी ऐकत नाही. जावयाचं ऐकतील. रागावला असाल तर माझ्यावर रागवा, स्थळ सोडू नका.

अक्काला आणि तुमच्या आईला नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा मेव्हणा,
संतोष

ता. क. वर लिहिलेली विनंती बाजूला ठेवलीत तरी चालेल. खरं काम वेगळं आहे. गोजराबाईंनी मागल्या आठवड्यात माणसाकरवी देवळ्याला एक साडी पाठवली. तुम्ही मळ्यात होतात. स्थळाकडून आली असेल असं वाटून अक्काने ती ठेवून घेतली, ओटीसकट. पण ती माहेरची साडी म्हणून आली होती. आता घोटीत सगळे म्हणतात, लेक नसती तर साडी घेतली कशाला? ती परत जायला हवी, न नेसता. अक्काला हे मी फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, रंग चांगला आहे. तुम्ही जरा कपाटात बघा.

ता. क. (दुसऱ्या दिवशी संध्याकाळी) सकाळी पत्र टाकायला निघालो तर दारात अक्का. पहिल्या एसटीने आली, पिशवीत साडी, घडी न मोडलेली. तुम्हाला सांगून निघाली नाही म्हणते, तेव्हा ते मी सांगतो. आम्ही दोघं घोटीला गेलो. अक्काने साडी गोजराबाईंसमोर ठेवली आणि म्हणाली, "मी पिंपळगावची, आजी. बाप धोंडीराम. हा माझा सख्खा भाऊ हे. याच्याकडं बघा, असला भाऊ कोण मागून घेईल?" गोजराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना पटलं असावं. मग अक्काचा हात धरून त्यांनी विचारलं, "मंग ती कुठं गेली?" थोड्या वेळाने त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितला आणि रविवारी सुपारी फोडू, पोरीच्या बापाला घेऊन या, असं म्हणाल्या. साडी त्यांनी आत नेली नाही. अक्कानेही उचलली नाही. आम्ही निघालो तेव्हा ती ओसरीवरच होती.