दस्ताने दिल्याची नोंद

१९ सप्टेंबर २०२४
वत्सलावहिनीचा उजवा डोळा गेला. मजुरीनं कापूस फवारताना दवा डोळ्यात उडाली तेव्हाच धुवायला पाहिजे होता, असं सौंसरचे डॉक्टर म्हणाले. फवारणीला चश्मा नव्हता, हातात दस्ताने नव्हते. आणि रजिस्टरात? दोन्ही दिल्याचं लिहिलंय — माझ्याच हातानं.

२० सप्टेंबर
लिहूनच काढते. आमच्या जिनिंग कारखान्याचा कापूस बाहेरदेशी जातो. घेणाऱ्या कंपनीला शेतापासून गाठीपर्यंत सगळं चांगलं पाहिजे — माती, पाणी, मजूर. त्याच्या नोंदी करत मी गावोगाव फिरते. यंदा मजुरांचं सामान — दस्ताने, चश्मे — कंपनीकडून आलंच नाही. आमचे सुपरवायझर मधुकरराव म्हणाले, "लिहून टाक अर्चना. सामान येऊनच राहिलं."
मी लिहिलं.

२३ सप्टेंबर
मधुकररावानं मला काढलं. कारण — खोट्या नोंदी! सगळ्यांसमोर सांगितलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

२४ सप्टेंबर
सोडणार नाही त्याला.

६ नोव्हेंबर
जिनिंगातल्या सागरकडून कळलं, पुण्याहून कंपनीच्या केतकी मॅडम तपासणीला येऊन राहिल्या. मधुकररावानं चार बाया निवडल्या, नवे दस्ताने घालून फोटोत उभ्या करायला. मी लोधीखेड्यापासून मोहगावपर्यंत फिरली. सतरा बाया मॅडमसमोर यायला तयार झाल्या.

११ नोव्हेंबर
मॅडम शेतात उतरल्या. मी वहिनीचा हात धरून समोर गेली. मधुकरराव आडवा आला. वहिनीनं पदर बाजूला केला.
"मॅडम, हा डोळा कोणत्या रजिस्टरात लिहसान?"
मागून बाकीच्या बायांनी हात पुढे केले, सालटं निघालेले. मधुकररावाचं तोंड पांढरं पडलं. मी पोटभर पाहून घेतलं. मॅडमनं माझा खांदा दाबला. असं व्हायला नको होतं, म्हणाल्या.

२ डिसेंबर
त्याला काढलं! दस्ताने, चश्मे, डोळे धुवायच्या बाटल्या — सगळं आलं, पार पांढुर्ण्याकडच्या गावांतही वाटून राहिले. त्याची जागा मला दिली. मुद्दाम त्याच्या दारावरून पेढे वाटत गेली.

३ डिसेंबर
सकाळी त्याची बायको रजनीताई आली. फाईल ठेवून गेली. आत मधुकररावानं कंपनीला लिहिलेली सहा पत्रं. सहाही वेळा त्यानं दस्ताने मागितले. प्रत्येकावर एकच उत्तर — यंदा जमणार नाही, नोंदी मात्र पूर्ण दाखवा. खाली सही केतकी मॅडमची.
आज अकरा वाजता मॅडमसोबतच मीटिंग आहे. फाईल घेऊन चालली.