राहीचा दात, माझा दात

७ जून २००३.
कुर्लीची, म्हणजे खेकड्याची, नांगी दातांनी फोडताना वरचा पुढचा दात अर्धा तुटला. जावई केतन दातांचा डॉक्टर. बघून म्हणाला, या आठवड्यात रूट कॅनाल करू, दात वाचेल. उशीर केलात तर काढावा लागेल. ज्या माणसाला माझ्या करुणाच्या लग्नाच्या वेळी मी नको म्हटलं, त्याच्यापुढे आ करून बसायचं? मेलो तरी नाही.

९ जून.
पेपरात बातमी. मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांत स्टेम सेल असतात, त्यातून खराब दात आतून पुन्हा वाढवता येईल. अमेरिकेत काम चालू आहे. कात्रण केतनच्या टेबलावर आपटलं. म्हणाला, बाबा, अजून दहा-पंधरा वर्षं जातील. जळतो. धंदा बसेल ना. करुणाची राही सहा वर्षांची, खालचे दोन दात हलतायत. निर्णय झाला.

१८ जून.
राहीचा दात पडला. आणि आमच्या प्रेमलाने तो शेणात गुंडाळून कौलांवर फेकला. म्हणे, उंदीर नेतो आणि नवा देतो. धम्मदीक्षा घेतलेल्या घरात उंदराकडे अर्ज! तीस वर्षं या बाईला विज्ञान शिकवतोय. निषेध म्हणून जेवलो नाही. (साडेनऊला जेवलो.)

२ जुलै.
दुसरा दात पडला. या वेळी मी टपून होतो. थर्मासात बर्फ, बर्फात दात. मिरकरवाड्यात अस्लमच्या बर्फ फॅक्टरीत नेऊन ठेवला. मासेमारी बंद, फॅक्टरी रिकामी. अस्लम म्हणाला, सहदेवभाऊ, सुरमई किती दिवस टिकते ते विचारा, दाताचं मला काय ठाऊक. अडाणी.

४ जुलै.
अमेरिकेच्या विद्यापीठाला अर्ज. तीन प्रती, दोन फोटो, रेशनकार्डाची झेरॉक्स. मी हेडक्लार्क होतो, माझा कागद कधी परत आलेला नाही.

३० ऑगस्ट.
उत्तर नाही. तिथलेही आवक-जावकवाले झोपा काढतात. ओठ सुजलाय. केतनने करुणाबरोबर गोळ्या पाठवल्या. लाच. घेतल्या नाहीत. एक घेतली, ठणका फार होता म्हणून.

१४ ऑक्टोबर.
धम्मचक्र दिनाला माझं भाषण. तोंडावर रुमाल धरून बोललो. मागच्या रांगेतले हसत होते. विषय होता वैज्ञानिक दृष्टिकोन. हलकट लोक.

२० डिसेंबर.
अस्लमचा निरोप. सीझनच्या गडबडीत कोणीतरी थर्मास पापलेटच्या पेटीत ओतला. पेटी मुंबईला गेली. अस्लमशी बोलणं बंद.

५ जानेवारी २००४.
दात काढला. केतननेच. मुळाशी सगळा पू. टोमणा मारील म्हणून मी उत्तरं पाठ करून गेलो होतो. त्याने माझी मान हलू नये म्हणून कपाळावर हात तेवढा ठेवला. करुणा बाहेर रडत होती. वाचला असता बाबा, एवढंच म्हणाली.
घरी आलो. दात कापसात होता. राहीने तो माझ्या हातातून घेतला, अंगणात जाऊन कौलांवर फेकला आणि उंदराला बजावलं की आजोबांना लवकर दे, त्यांना भाषण करायचं असतं. तिचे खालचे दोन्ही दात आलेत. चांगले रुंद आहेत. प्रेमला माझ्याकडे बघत होती. मी राहीला रागावलो नाही. कोणालाच रागावलो नाही.

६ जानेवारी, सकाळी सहा.
बाकीचे उठायच्या आत आरशापाशी जाऊन हिरडी बघितली. अजून काही नाही.