पुढल्या साली पहिलं पाणी

आप्पा, आज एकादशी. मला उपास, त्यामुळे स्वयंपाक थोडक्यात आवरला आणि दुपार हाताशी राहिली. नातवाच्या जुन्या वहीतली कोरी पानं काढून घेतली आहेत, नवा कागद कशाला बिघडवायचा. संध्याकाळी बचत गटाच्या बाया अंगणात जमतील. त्यांच्यापुढं काय बोलावं ते सुचत नाही, आणि तुम्ही गेल्यापासून विचारावं असं कोणी नाही. यांना विचारलं तर म्हणतात, "तूच गयथी ना बैठकले, आते तूच निस्तर."

ते कमी पाण्याचं वर्ष सारखं डोळ्यांपुढं येतं. बंधाऱ्याच्या पाटाखालचं आपलं शिवार फडांत वाटलेलं. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी पाळीपाळीनं. तुम्ही पाटकरी, पाणी सोडणारे. मारुतीच्या पारावर सगळं गाव बसलं आहे. एक फड कोरडा ठेवावाच लागणार आणि कोणाचं तोंड उघडत नाही. मी तुमची भाकर घेऊन पाराखाली उभी आहे. तुम्ही पागोट्याला हात लावून म्हणता, "आमना फड कोरडा ऱ्हाऊ द्या." त्यात आपलंही शेत होतं. कोणी वाहवा केली नाही. एक म्हातारा एवढंच बोलला, "पुढला साल पहिलं पानी तुमनं." घरी आईनं ताट आपटलं. "गावले पानी वाटतस, मंग घरमा काय वाटशात?" तुम्ही खाली मान घालून जेवलात. मी तोंड फुगवून बसले होते, तर मला म्हणालात, "पोरी, आपन बोलनूत, आते सालभर तोंड बंद ठेवानं." त्या वर्षी आईनं सणालासुद्धा नवं लुगडं घेतलं नाही. पण पुढच्या साली पाट सुटला तेव्हा पहिलं पाणी आपल्या फडात आलं. तुम्ही कोणाला आठवण करून दिली नव्हती, तशी वेळच आली नाही.

मागल्या महिन्यात तळोद्याला एका संस्थेनं बैठक भरवली. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका इथल्या शेतकरी बाया आल्या होत्या. आमच्या गटानं मला धाडलं, कारण मी मॅट्रिक आणि हिशोब मीच ठेवते. परदेशात हवामानाची मोठी परिषद भरते, तिथं धूर कोणी केला आणि नुकसान कोणी भरायचं यावर सगळे देश भांडतात. श्रीमंत देश एकेकाला बाजूला घेऊन गुंडाळतात, म्हणून शेजारच्या गरीब देशांनी आधी आपसांत बसायचं, एकच मागणं ठरवायचं आणि तेच धरून राहायचं, असं संस्थेतली मुलगी समजावत होती. बाकीच्या माना हलवत होत्या. मला तर ते ऐकल्याबरोबर कळलं. हा फडच झाला.

आमचं मागणं मी पाठ करून गेले होते. ऐन हिवाळ्यात अवकाळी येतो, खळ्यावर वाळत टाकलेली मिरची भिजून पांढरी पडते, व्यापारी तिला हातही लावत नाही. गावोगावी वाळवणीसाठी पत्र्याचा मांडव हवा. मग बांगलादेशची बाई उठली. तिच्या गावात समुद्र शिरतो. तिनं घरच्या विहिरीचं पाणी बाटलीतून आणलं होतं, ते सगळ्यांना दिलं. मी जिभेला लावलं आणि पदराआड थुंकले. ती हसली, काहीतरी बोलली. मुलीनं सांगितलं, "ती म्हणते, आमच्याकडं डाळीत मीठ घालावं लागत नाही."

शेवटी परिषदेला धाडायच्या कागदावर एकाच मागण्याला जागा होती, तिचं गोडं पाणी नाहीतर आमचा मांडव. एकीनं जरी नाही म्हटलं तरी कागद पुढं जाणार नव्हता. सगळ्या तिच्या बाजूनं झाल्या आणि माझ्याकडं बघू लागल्या. मी म्हटलं, "लिहा तिचं पाणी." सही केली. मग मुलीला म्हटलं, "आता खाली लिहा, पुढल्या वर्षी पहिलं मागणं आमचं."

तिनं पेन खाली ठेवलं. "मावशी, तिथं असं नसतं. पुढल्या वर्षी सगळं परत पहिल्यापासून."

"मग जी मागं राहिली तिचं?"

"तिनं परत यायचं, परत मागायचं."

पोरगी खोटं बोलत नव्हती. तेवढ्यात बांगलादेशची बाई येऊन माझा हात धरून बसली. आमचं काय बोलणं झालं ते तिला कळलं नव्हतं. हात सोडवूनही घेता येईना आणि मनापासून धरताही येईना. जेवणाची सुट्टी होईपर्यंत तशीच बसले. सही मागं घ्यावी तर ते खारं पाणी जिभेवरून जात नव्हतं. न घ्यावी तर आमच्या बायांच्या मिरच्या.

घरी आले तर जाऊबाई ओट्यावर वाटच बघत होत्या. गटाच्या अध्यक्ष त्याच.

"काय वं, आपला मांडवनं काय व्हयनं?"

"पुढला साल पहिलं आपलं शे."

"कोन बोलनं?"

"बैठकमा ठरनं."

"मंग चालस. एक साल काढी लिसूत." लगेच हसल्या. "तुले धाडं ते बरं व्हयनं. मी ऱ्हातू ते भांडन करी उनी ऱ्हातू."

त्यांनी ते घरोघर सांगितलं. आता गल्लीतनं जाताना बाया मला बसायला बोलावतात, चहा ठेवतात, आणि मी काम आहे म्हणून पुढं सटकते. सकाळी देवीपुढं दिवा लावला, पण मागायला तोंड उघडेना. तुमच्या पाठीशी पार होता, पारावर बसलेलं अख्खं गाव होतं. माझ्या पाठीशी ती मुलगी आणि एक कागद, आणि त्या कागदावर आमच्या मांडवाचं नावसुद्धा नाही.

पानं संपत आली. उद्या पाणी तापवताना चुलीत घालीन. सुचत नाही असं वर लिहिलं, ते खरं नाही, आप्पा. जाऊबाईंना जे सांगितलं तेच संध्याकाळी सगळ्यांना सांगणार आहे.