आधी फोटो, मग पट्टी

अप्पा, या रविवारी आपल्या दारात भांडण झालं, आणि तेही तुमच्या नावावरून. अर्धापूरकडचे केळीवाले एका म्हाताऱ्याला जीपमधून घेऊन आले होते. बांधावरून घसरून मनगट मोडलेलं. मी हात उशीवर घेतला, बांबूच्या कामट्या लावून सैलसा आधार दिला आणि म्हणाले, आता अहमदपूरला जाऊन हाडाचा फोटो काढा, तो माझ्या मोबाइलवर येईल, लातूरच्या डॉक्टरांना दाखवते, मग पुढचं बघू. म्हाताऱ्याचा थोरला लेक तापलाच. "फोटोच काढायचा व्हता तर नांदेडात फोटोवाले काय कमी हायत का? तुमचे वडील नुसता हात फिरवून हाड बसवायचे. बापाचं नाव बुडवलं बाई तुम्ही!" मी काय ऐकून घेते? म्हणाले, "नाव बुडलं तर बुडू द्या, हात बुडाया नको." पण खरं सांगू, काळजाला लागलं. आठवडाभर मी लातूरच्या दवाखान्यात आखडलेले हातपाय मोकळे करते, आणि तुम्ही गेल्यापासून एकही रविवार न चुकवता गावी येऊन तुमच्या बाजेवर बसते. ते काय तुमचं नाव बुडवायला?

त्या माणसाला काय ठाऊक, आधी फोटो काढायचा हा नियम कुणाचा आहे. मी सातवीत होते. शेजारच्या गावची एक बाई विहिरीच्या पायरीवरून पडून हात मोडून आली. हाड तुम्ही बरोबर बसवलंत, मी आज इतकं शिकूनही तेच म्हणेन. चुकलं ते बांधताना. सूज अजून चढायची होती, आणि तिची सासू डोक्याशी उभी राहून सारखी म्हणतेय, "आवळा वैद्यबुवा, सैल बांधलं तर हाड हालंल." आपल्याकडं हाच समज, जितकं घट्ट तितका गुण. तुम्हाला कळत होतं, तरी तुम्ही आणखी एक वेढा दिलात. तिसऱ्या दिवशी तिला परत आणलं तेव्हा बोटं निळी पडली होती. तुम्ही ताटावरून उठलात, पट्टी कापलीत आणि तसेच तिला घेऊन जीपमध्ये बसलात. मीही हट्टानं चढले. लातूरच्या डॉक्टरांनी व्हरांड्यात, शंभर माणसांसमोर तुम्हाला झाडलं. "अहो, हिचा हात गेला असता!" ज्यांच्यापुढं गावातली माणसं आवाज चढवत नसत, ते माझे अप्पा हात जोडून उभे. तुम्ही सासूचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणालात, "माझं चुकलं." मला तर धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. हात वाचला, पण दोन बोटं ताठ राहिली ती राहिलीच.

पुढच्या गुरुवारी धुतलेलं धोतर, कपाळावर विभूती, आणि तुम्ही मला घेऊन पुन्हा त्याच डॉक्टरांच्या दारात. मला वाटलं, आता भांडण होणार. तुम्ही म्हणालात, "सायब, मला फोटो वाचाया शिकवा." डॉक्टरांनी विचारलं, "वय काय तुमचं?" "शिकायचं हाय सायब, लगीन न्हाई करायचं." डॉक्टर इतके हसले की त्यांनी स्वतः खुर्ची पुढं ओढली. त्यानंतर कितीतरी गुरुवार तुम्ही एसटीनं लातूरला जात राहिलात. येताना जुने एक्स-रे आणायचात आणि खिडकीशी धरून मला दाखवायचात. "हे पांढरं ते हाड. आन त्या पांढऱ्यात ही केसावाणी काळी रेघ दिसायली ना, ती चोर. तिला धरायचं." मी नांदेडला फिजिओथेरपी शिकायला गेले तेव्हा वर्गातल्या कुणालाही येत नव्हतं ते मला येत होतं, ते त्या खिडकीमुळं.

मग तुम्ही गेरूनं भिंतीवर लिहिलंत, आधी फोटो, मग पट्टी. अर्धे लोक दुसऱ्या वैद्याकडं गेले. भाऊबंद म्हणाले, याची विद्या गेली. तुम्ही ढिम्म हलला नाहीत. साधं मोडलेलं तेवढं बांधायचं, बाकीचं लातूरला धाडायचं, आणि बांधल्यावर नख दाबून बघायचं. "दाबलं की पांढरं, सोडलं की लाल. लाल न्हाई आलं तर सोड पट्टी, मग समोर सासू असू दे न्हाईतर सरपंच!" अप्पा, लई अभिमान वाटतो मला त्या माणसाचा. चूक झाल्यावर धंदा बंद करणारे पुष्कळ, चूक झाकणारे त्याहून पुष्कळ. तुम्ही शिकायला बसलात. आज आमचे डॉक्टर म्हणतात, तुमच्या गावाकडून आलेला हात कधी काळानिळा येत नाही. ऐकलं की मी दिवसभर तरंगत असते.

रविवारचं राहिलंच. लेक असा तडतडत असताना म्हातारा बाजेवरून बोलला, "गप ए. माझा पाय मोडला तवा हिच्या बापानं बी मला फोटोलाच धाडलं व्हतं. तू तवा पाळण्यात व्हतास. चल." लेकाचा चेहरा बघायला तुम्ही हवे होतात! दुपारी फोटो आला. हाड सांध्यातच फुटलेलं, हात फिरवून बसणारं नव्हतंच. सोमवारी ऑपरेशन झालं. आज सकाळी मी त्याचं नख दाबलं. लाल आलं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी मी टाकलं नसतं. कारण एक गोष्ट राहते. खेड्यापाड्यातल्या आशाताई लातूरला शिकायला येतात, तेव्हा कामट्या कशा बांधायच्या ते मी शिकवते. दर वेळी त्या निळ्या बोटांची गोष्ट सांगते. त्या हळहळतात, विचारतात, मग त्या वैद्याचं पुढं काय झालं? मी सांगते, तो फोटो वाचायला शिकला. बायका टाळ्या वाजवतात. पण अप्पा, मी आजवर दर वेळी "एक वैद्य होता" असंच म्हटलंय. "माझे वडील" म्हणायला अजून एकदाही तोंड उघडलेलं नाही.